सतरावा माणूस

डॉक्टर हौशीराम ताकवणे यांनी डोळे मिटले आणि तपासणीच्या बाकावर आडव्या झालेल्या म्हाताऱ्याच्या जांघेशी अंगठा आणि दोन बोटं टेकवून ते हळूहळू नस शोधू लागले. तपासताना डोळे मिटायची त्यांची सवय जुनी होती. डोळे मध्ये लुडबुडले की बोटांना नीट कळत नाही, असं ते शिकाऊ डॉक्टरांना सांगत. म्हाताऱ्याने धोतर सोडून त्याची घडी पोटावर धरली होती. डोक्याचं मुंडासं मात्र त्याने काढलं नव्हतं. तो छताकडे बघत होता.

"अंग ढिलं ठेवा, पाव्हणं."

"ठिवलंय."

"नसबंदी कधीची म्हणालात?"

"शहात्तर साल. आनीबानीतली."

डावीकडची नस बोटांना सापडली. सुतळीसारखी कडक आणि सलग. कापून बांधलेल्या नसेला पन्नास वर्षांनीही एक बारीक गाठ लागते, नाहीतर मध्येच तुटक जागा लागते. इथे दोन्ही नव्हतं. उजवीकडेही तेच. वर कातडीवर दोन्ही बाजूंना तांदळाएवढे पांढरे वण मात्र होते.

डॉक्टरांनी डोळे उघडले. त्यांच्या चेहऱ्यावर लहान मुलासारखा आनंद होता.

"पाव्हणं, तुमची नस कापलेलीच नाही! नुसती कातडी कापून टाके घातलेत. माझंच काम हे. तुम्हाला मी वाचवलं होतं!"

मागच्याच आठवड्यात दौंडला त्यांचा सत्कार झाला होता. व्यासपीठामागच्या फ्लेक्सवर त्यांच्या फोटोखाली 'इतिहासाचे साक्षीदार' असं लिहिलं होतं, आणि ते अगदीच खोटं नव्हतं. किल्लारीच्या भूकंपात त्यांनी अकरा दिवस तंबूत ऑपरेशनं केली होती. दौंडसारख्या जंक्शनच्या गावात रेल्वेखाली आलेली माणसं त्यांनी किती शिवली, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. करोनात तर सत्तरी उलटलेली असताना, मुलगी फोनवर रडून नको म्हणत असताना, ते रोज वॉर्डात जात राहिले. पण हातात माइक आला की डॉक्टर हे सगळं दोन-दोन वाक्यांत उरकत आणि आपल्या आवडत्या गोष्टीवर येत. घरच्यांना ती पाठ होती. जेवणाच्या ताटावर सुरू झाली, तर मुलगी आधीच शेवट सांगून मोकळी व्हायची.

गोष्ट आणीबाणीतली. डॉक्टर तेव्हा सत्तावीस वर्षांचे, सरकारी नोकरीत नवे. गावोगावच्या शाळांत नसबंदीची शिबिरं लागत. किती माणसं कापायची तो आकडा वरून यायचा. बाजारच्या दिवशी ट्रक भरून माणसं आणत, दारात पोलीस उभा असे, आणि कुणाला किती मुलं हे लिहिणारा न विचारताच लिहून टाकायचा. त्यात बिनलग्नाची पोरं असत, अंगावरची हळद न उतरलेली असत. अशा पोरांची डॉक्टर नुसती वरची कातडी कापत, आतली नस तशीच सोडत आणि टाके घालत. बघणाऱ्याला खरं आणि खोटं सारखंच दिसे. सातव्या दिवशी टाके काढताना मात्र ते त्या पोराच्या कानाशी वाकून सांगत, तुला काही झालेलं नाही, कुठं बोलू नकोस. तीन शिबिरांत मिळून असे सतरा जण. 'सरकारला मी सतरा वेळा फसवलं,' असं म्हणून डॉक्टर थांबत आणि टाळ्या पडत. दौंडलाही पडल्या. कुणीतरी त्याचा व्हिडिओ काढला आणि तो मोबाइलवरून दौंड-शिरूरभर फिरला.

म्हणजे हा त्या सतरांतला एक होता. एकोणपन्नास वर्षांनी शोधत शोधत केडगावात घरी आलेला. डॉक्टरांनी बेसिनवर हात धुतले, कोपरापर्यंत, पूर्वीसारखे.

"उठा आता. चहा घेऊ या. मुलं किती तुम्हाला? नातवंडांची लग्नं निघाली असतील."

म्हातारा उठला नाही.

"सायेब, नीट बगितलं का?"

"अहो, म्हणजे काय?"

"परत येकदा बगा."

त्याचं मन राखायचं म्हणून डॉक्टरांनी पुन्हा डोळे मिटले, पुन्हा दोन्ही बाजू तपासल्या. नस तिथेच होती, सलग. "कापलेली नाही," ते म्हणाले. "देवाशपथ नाही."

तेव्हा म्हातारा उठून बसला. धोतर नेसताना त्याच्या निऱ्या दोनदा सुटल्या. तिसऱ्यांदा त्याने त्या तशाच खोचल्या आणि बाकाच्या कडेला टेकला.

"माझं नाव ज्योतिबा. मांडवगणाकडं ऱ्हातो. पुतन्यानं मोबाइलात तुमचं भाषान दावलं. तुमी म्हनला, समद्यांच्या कानात सांगितलं. माझ्या कानात तर कुनी काय सांगितलं न्हाई. म्हून वाटलं, मी त्यातला नसनार. माझी खरीच कापली आसनार. तेवढंच तुमच्या तोंडनं ऐकाया आलतो."

डॉक्टरांना काही कळेना. टॉवेल हातात धरून ते उभे राहिले.

"आमी तवा मेंढरं घिऊन हिंडायचो. बाजारला गेलो, ट्रकात घातलं. लगीन हून दोनच म्हैनं झालं हुतं. नस कापली म्हून तुपाचा डबा दिला. समद्या तळानं ते तूप खाल्लं. माझी कापलीया हे बारक्या पोराला बी ठावं झालं." ज्योतिबाने मुंडाशाचं टोक उगाच मागे टाकलं. "आन् पुढल्या साली बायकूला दिवस गेलं."

बाहेर रस्त्यावरून ऊस भरलेला ट्रॅक्टर चालला होता. त्याचा आवाज लांब गेल्यावर ज्योतिबा पुढे सांगू लागला.

"तिनं भंडारा उचलला, सायेब. देवाचा भंडारा हातात घिऊन समद्यांम्होरं म्हनली, ह्यांचंच हाय. म्या म्हनलं, माझं असूच शकत न्हाई. डॉक्टरनं कापलीया, सरकारचा कागद हाय. मानसं बसली हुती, आई हुती, आप्पा हुतं. त्यांच्याम्होरं तिला घालवली. पाचवा म्हैना हुता तिला."

"मग... दुसरं लग्न?"

"कापलेल्याला कोन पोरगी देतंय?"

डॉक्टर स्टुलावर बसले.

सतरा हा आकडा खरा होता. पण कानात सांगितलं होतं ते सोळा जणांना. शेवटच्या शिबिरातल्या एका धनगराच्या पोराचे टाके काढायचा सातवा दिवस आणि पुण्यात एम. एस.च्या प्रवेशाची मुलाखत एकाच दिवशी आली. डॉक्टर पहाटेच्या गाडीने पुण्याला गेले. टाके कंपाउंडरने काढले, आणि ही गोष्ट कंपाउंडरवर सोपवण्यासारखी नव्हती. ते परत आले तोवर मेंढरं पुढे गेली होती. शोधला असता तर तळ सापडला असता. मेंढरांचा तळ काही लपून राहत नाही. पण प्रवेश मिळाला होता, सामान बांधायचं होतं, आणि तो प्रवेश मिळण्यात शिबिरातल्या चांगल्या कामाबद्दलच्या प्रशस्तिपत्राचाही वाटा होता. एवढं काय, मूल झालं की त्याचं त्यालाच कळेल, असं त्यांनी ठरवून टाकलं. कळल्यावर तो पोरगा किती हरखेल, हेही त्यांनी कितीदा मनात बघितलं होतं. त्यात त्याची बायको त्यांना कधी दिसली नव्हती. पुढे गोष्ट सांगता सांगता कानात सांगितलेले सोळा होते हे मागे पडलं. सोळांच्या कानात सांगितलं आणि एक राहिला, असं म्हटलं तर टाळ्या कुठे वाजवायच्या हे लोकांना कळलं नसतं.

डॉक्टरांना लाज वाटली. टेबलावर दगावलेल्या माणसाच्या नातेवाइकांसमोर उभं राहणं त्यांना येत होतं. तिथे निदान काय बोलायचं ते ठरलेलं असतं.

"मी लिहून देतो," ते म्हणाले आणि ड्रॉवरमधून लेटरहेड काढायला वाकले. "माझ्या सहीनं. की ऑपरेशन झालंच नव्हतं, चूक माझी आहे..."

"लिवलेलं लई झालं, सायेब. तवा बी लिवलेलंच हुतं." ज्योतिबा उठून उभा राहिला. "तुमी चला. तोंडानं सांगा तिला."

"कुठं आहेत त्या?"

"हितंच. केडगावात. तवा निराधार बायकांच्या मिशनात ठिवून घेतलं तिला. लेक झाली एवढं कानावर आलं. त्याच्या म्होरचं काय ठावं न्हाई. मी ह्या गावाच्या वाटंला कवा आलो न्हाई. आज तुमच्यासाठनं आलो."

शोधायला फार लागलं नाही. नाक्यावरच्या रिक्षावाल्याला कुशाबाई नाव सांगितल्यावर तो म्हणाला, "सिस्टरची आई का? बसा की." डॉक्टरांकडून त्याने भाडं घेणार नाही म्हणून आधीच सांगून टाकलं, कारण त्याच्या बापाचं अपेंडिक्स त्यांनीच काढलं होतं. वाटेत दोघातिघांनी डॉक्टरांना हात जोडले. एरवी अशा वेळी डॉक्टर मान झुकवून नाव घेऊन विचारपूस करत. आज त्यांनी खिशातला रुमाल काढून तोंड पुसलं आणि तो तोंडावरच धरून ठेवला. ज्योतिबा रिक्षाचा दांडा दोन्ही हातांनी धरून बसला होता.

रेल्वे लायनीपलीकडे दोन खोल्यांचं पत्र्याचं घर होतं. दारापुढं शेणानं नव्हे, सिमेंटनं केलेलं स्वच्छ अंगण. उंबऱ्याच्या आत एक बाई पाय पसरून शेंगा फोडत बसली होती. केस सगळे पांढरे, नऊवारीचा पदर कमरेला खोचलेला. रिक्षा थांबली तसं तिने आधी डॉक्टरांकडे बघितलं आणि मग त्यांच्या मागच्या मुंडाशाकडे. हातातली शेंग फुटली नाही. ती बाजूला ठेवून तिने दुसरी घेतली, ती फोडली, दाणे सुपात टाकले.

"या, सायेब," ती म्हणाली. "खुर्ची घ्या."

खुर्ची एकच होती. डॉक्टर तिच्यावर बसले नाहीत. ज्योतिबा अंगणातच उन्हात उभा राहिला. आत ये असं त्याला कुणी म्हटलं नाही, आणि तोही आला नाही.

डॉक्टरांनी सांगितलं. आयुष्यात दोन-चारशे वेळा सांगितलेली गोष्ट त्यांनी त्या दारात उभ्याने सांगितली, आणि ती पाच-सहा वाक्यांत संपली. कातडी कापली, नस ठेवली. सातव्या दिवशी सांगायचं होतं. मी पुण्याला गेलो. परत येऊन शोधलं नाही. आज तपासून बघितलं. तुमचं खरं होतं.

कुशाबाई शेंगा फोडत ऐकत होती.

"झालं सांगून?"

"हो."

"ह्ये मला कशाला सांगता?" तिचा आवाज चढला नव्हता. "मला म्हाईत हुतं."

खरंच, या जगात एकाच माणसाला हे पहिल्या दिवसापासून पक्कं माहीत होतं, आणि ते तिलाच सांगायला रिक्षा करून आले होते.

"येक इचारू का, सायेब? कानात सांगायला असा किती येळ लागतो?"

"काहीच लागत नाही."

"मग?"

"मला वाटलं... मूल झालं की कळेलच."

"कळलं की," कुशाबाई म्हणाली. "समद्यांला कळलं."

अंगणातून ज्योतिबा पुढं आला. उंबऱ्यापाशी थांबून त्याने डोक्याचं मुंडासं काढलं. त्याखालचं डोकं अगदी लहान आणि टक्कल पडलेलं होतं. "कुशे," तो म्हणाला, "माझं चुकलं. लई चुकलं गं."

तिने त्याच्याकडे बघितलं नाही. ती डॉक्टरांशीच बोलली.

"त्यांला म्हनावं, ज्यांच्याम्होरं मला घालवली, त्यांच्याम्होरं जाऊन म्हना."

"त्यातलं कुनी ऱ्हायलं न्हाई," ज्योतिबा म्हणाला. "आई गेली. आप्पा गेलं. बसल्यालं समदं गेलं."

"मग झालं तर," ती डॉक्टरांना म्हणाली. पहिल्यांदाच तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ते तिने दंडाला पुसलं, कारण बोटं शेंगांच्या मातीने भरली होती. "अंगावर येक लुगडं हुतं, सायेब. दोन दिस चालत आले मी. वाटंत येका विहिरीवर थांबले हुते, पानी प्याया न्हवं. पोटात हिनं पाय हानला, म्हून फुडं आले. आता तुमी दोघं मिळून मला काय दिनार हाय?"

दोघांपाशीही देण्यासारखं काही नव्हतं. ज्योतिबा रडत होता. आवाज येत नव्हता, नुसते खांदे हलत होते.

तेवढ्यात दारात स्कूटी थांबली. पांढऱ्या युनिफॉर्मवर स्वेटर घातलेली, सत्तेचाळिशीची एक बाई उतरली आणि हेल्मेट काढून बघतच राहिली.

"सर? तुम्ही? आमच्या घरी?"

मोनिका सिस्टर. डॉक्टरांनी खुर्चीची पाठ धरली. करोनात दौंडला दोघांनी दोन महिने एका वॉर्डात काढले होते. पेशंटांच्या तोंडाशी फोन धरून घरच्यांशी बोलायला लावायचं काम ही करायची. एकदा सकाळचा चहा घेताना त्यांनी सहज घरची चौकशी केली, तेव्हा ती म्हणाली होती, वडील मी पोटात असतानाच वारले, सर, शाळेत माझ्या नावापुढे आईचंच नाव आहे. डॉक्टरांनी तेव्हा हळहळ व्यक्त केली होती. आता ते तिच्या कपाळाकडे, जाड भुवयांकडे, पुढे आलेल्या कानांकडे बघत होते. सगळं उन्हातल्या त्या माणसाचं होतं. ज्योतिबाही बघत होता. मुंडासं त्याने छातीशी धरलं होतं.

"आई, उन्हात उभं केलंस होय यांना? आणि हे कोण?"

"सायबांसंगं आलेत," कुशाबाई म्हणाली. "पेशंट हायेत त्यांचं."

"आबा, आत या. बसा आधी." मोनिकाने त्याला दंडाला धरून आत आणलं, खुर्चीवर बसवलं, तांब्या-भांडं दिलं. त्याचे ओले डोळे तिने बघितले, पण म्हातारी माणसं दुखण्याने रडतात हे तिला रोजचं होतं. तिने खाली बसून त्याचा पाय हातात घेतला आणि घोट्याच्या वर अंगठा दाबला. अंगठा काढल्यावरही तिथला खळगा भरला नाही.

"केवढे सुजलेत पाय. सर, हे नाही बघितलं तुम्ही?"

"नाही," डॉक्टर म्हणाले. "ते बघायचं राहिलं."

"कधीपासून सुजतात, आबा?"

ज्योतिबाचा पाय तिच्या हातात होता. तो त्याने मागे घेतला नाही.

"घरी बघायला कोण आहे?"

"पुतन्या हाय."

"आणि मुलंबाळं?"

डॉक्टरांनी तोंड उघडलं. वाक्य तयार होतं, लहानसंच होतं, आणि आज दारात पोलीस उभा नव्हता. कुशाबाईने मान वर करून त्यांच्याकडे एकदा बघितलं. डॉक्टरांनी तोंड मिटलं. सांगायचा दिवस त्यांचा होता तेव्हा ते पुण्याला गेले होते. हा दिवस तिचा होता.

"बरं, असू दे," मोनिका म्हणाली. "उद्या सकाळी दौंडला आमच्या दवाखान्यात या. रक्त-लघवी तपासू, हृदयाची पट्टी काढू. मी असते तिथं, रांगेत बसायला नको तुम्हाला. नाव सांगा, लिहून ठेवते."

तिने मोबाइल काढला. ज्योतिबाचे ओठ हलले.

"ज्योतिबा," कुशाबाई म्हणाली.

ज्योतिबाने मान वर केली. हे नाव तिने आजवर एकदाच घेतलं होतं, लग्नात, बायांनी दार अडवून हट्ट धरला तेव्हा उखाण्यात. त्यानंतर वर्षभर तळावर कुणी विचारलं तरी ती शेजारच्या बाईला सांगायला लावायची आणि पदरात तोंड लपवून हसायची. आता ते तिने गावातल्या कुणाही माणसाचं घ्यावं तसं सरळ घेतलं होतं.

"ज्योतिबा," मोनिकाने लिहिलं. "पुढं?"

"तेवढंच ऱ्हाऊ दे," कुशाबाई म्हणाली आणि तिने सूप पुढं ओढलं.